शून्य बलाचा इतिहास

कुंडम हे जबलपूर जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. नर्मदेला मिळणारी हिरण नदी याच परिसरात उगम पावते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिथल्या काही शाळकरी मुलांना मी सूक्ष्मदर्शक दाखवीत होते. जवळच्या डबक्यातील हिरवट पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला होता आणि त्यात दोन कशाभिकांचे, जेमतेम १० मायक्रोमीटर व्यासाचे हिरवे शैवाल इकडून तिकडे पोहत होते. आठवीतली एक मुलगी बराच वेळ डोळा लावून उभी होती. मागे रांग खोळंबली, तरी ती हलेना. शेवटी तिने विचारले (प्रश्न अर्थातच हिंदीत होता), “मॅडम, हा थांबतो तेव्हा असा एकदम कसा थांबतो? जरासुद्धा पुढे घसरत नाही!”

ज्या विषयाच्या उंबरठ्यावर पोहोचायला मला पदव्युत्तर शिक्षण संपेपर्यंत थांबावे लागले, तिथे ती मुलगी पाच मिनिटांत येऊन उभी राहिली होती. तिला तिथल्या तिथे जे उत्तर दिले ते अपुरे होते. पूर्ण उत्तर देण्यासाठी पावणेदोनशे वर्षांचा इतिहास सांगावा लागतो, आणि त्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या देशात, बंगळुरूत घडलेला आहे. म्हणून हे टिपण, विद्यार्थी मित्रांसाठी आणि विज्ञानाच्या बातम्या आवर्जून वाचणाऱ्या सर्वांसाठी.

लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. रक्तातून औषध वाहून नेणारी सूक्ष्मयंत्रे, स्वतःहून पोहणारे कण, अशा बातम्या आता वरचेवर येतात. त्यांच्या स्पष्टीकरणात एक चूक हमखास आढळते: पोहणारा कण द्रवाला आपल्या दिशेने ढकलत पुढे जातो, असे लिहिलेले असते. वाचायला हे सरळ वाटते. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी स्वतः हाच समज गणितात घालून तीन महिन्यांचे काम वाया घालवले होते. स्थिर वेगाने पोहणारा सूक्ष्मजीव द्रवावर एकूण जे बल लावतो ते शून्य असते. या शून्याचा अर्थ नीट उमगायला विज्ञानाला बराच काळ लागला, आणि उमगल्यावर त्यातून जे निघाले ते आइन्स्टाइनच्या एका जुन्या सूत्रालाही अनपेक्षित असे होते.

सुरुवात लंबकापासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात गुरुत्वाकर्षणाचे अचूक मापन म्हणजे लंबकाचे झोके मोजणे. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता आणि ठिकठिकाणी लंबक हलवून त्याचे उत्तर शोधले जात होते. अडचण हवेची होती. हवेच्या उत्प्लावक बलासाठी करायची दुरुस्ती जुनीच होती. १८२८ मध्ये बेसेल याने दाखवले की ती पुरेशी नाही, कारण झुलणारा लंबक आपल्याबरोबर थोडी हवाही फरफटत नेतो. जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स या आयरिश गणितज्ञाने त्यात हवेच्या अंतर्गत घर्षणाची, म्हणजे श्यानतेची भर घातली. १८५० च्या डिसेंबरात केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्याने वाचलेला निबंध मुळात लंबकांविषयीचा आहे. आज ज्याला आपण स्टोक्सचा नियम म्हणतो तो त्या प्रदीर्घ लेखनातील एक उपफळ होय. संथ गतीने जाणाऱ्या गोलाला द्रवाचा जो विरोध होतो तो श्यानता, त्रिज्या आणि वेग यांच्या गुणाकाराच्या सहा पाय पट असतो. स्टोक्सने लगेच त्याचा उपयोग ढगांना केला. पाण्याचा थेंब जितका लहान तितका त्याचा पडण्याचा वेग कमी, तोही त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून ढगातले बारीक थेंब जणू तरंगतात.

लंबकाच्या मोहिमेची एक भारतीय बाजूही आहे. ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे या महासर्वेक्षणात १८६५ पासून कॅप्टन बसेवी याने देशभर लंबक हलवून गुरुत्वाची मापे घेतली. हवेचा उपद्रव टाळण्यासाठी ते लंबक निर्वात पात्रात ठेवीत. १८७१ मध्ये लडाखच्या अतिउंच प्रदेशात हेच काम करीत असताना बसेवी मरण पावला. स्टोक्सने जिचे सूत्र मांडले, त्या हवेला टाळण्यासाठी किती आटापिटा करावा लागत होता, हे यावरून ध्यानात यावे.

स्टोक्सच्या सूत्राची कीर्ती पुढे वाढतच गेली. मिलिकनने तेलाच्या थेंबांचा वेग मोजून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार काढला तो याच्याच आधारे, थोडी दुरुस्ती करून. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ब्राउनीय गतीचे गणित मांडताना हाच विरोध गृहीत धरला. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण त्याच वर्षी आइन्स्टाइनने आपल्या प्रबंधात विचारलेला दुसरा प्रश्न आपल्या कथेचा कणा आहे: पाण्यात बारीक गोल कण मिसळले तर मिश्रणाची श्यानता किती बदलते?

त्याचे उत्तर देखणे आहे. श्यानता वाढते, आणि किती वाढते हे कणांच्या आकारावर नव्हे, तर त्यांनी व्यापलेल्या घनफळाच्या प्रमाणावर अवलंबून असते. कारण असे की द्रव वाहताना त्याचा प्रत्येक भाग ताणला जातो, दबतो. घन कण मात्र ताणला जाण्यास नकार देतो, आणि त्या नकाराची किंमत प्रवाह चालू ठेवणाऱ्याला मोजावी लागते. मौज अशी की १९०६ मध्ये छापलेल्या प्रबंधात आइन्स्टाइनचा गुणक चुकला होता. पॅरिसमध्ये पेराँ याच्या प्रयोगशाळेत बांसलँ या संशोधकाने मापे घेतली, तेव्हा आकडे जुळेनात. आइन्स्टाइनने लुडविग हॉप्फ या सहकाऱ्याला आकडेमोड तपासायला सांगितली, चूक सापडली आणि १९११ मध्ये गुणक एकऐवजी अडीच झाला. साखरेच्या द्रावणावरून काढलेला अॅव्होगॅड्रो अंकही त्याबरोबर सुधारून ६.५६ × १०^२३ झाला, आजच्या मूल्याच्या बराच जवळ. प्रयोगाने आइन्स्टाइनला त्याची बेरीज पुन्हा करायला लावली, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते.

पण अडीच असो वा एक, चिन्ह अधिक होते. कण मिसळा, द्रव घट्ट होईल. १९२२ मध्ये जेफरीने लंबगोल कणांचे गणित केले तेव्हाही वाढच निघाली. जवळजवळ शंभर वर्षे याविषयी कोणालाही शंका घ्यावीशी वाटली नाही, आणि घेण्याचे कारणही नव्हते. कारण हे सारे कण निर्जीव होते. त्यांच्यावरचे बल बाहेरून येत होते: गुरुत्वाचे, विद्युत क्षेत्राचे, किंवा प्रवाह वाहवणाऱ्याचे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. हालचालीत जडत्व किती आणि श्यानता किती, याचे गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्स अंक. नर्मदेत पोहणाऱ्या माणसासाठी तो लाखांच्या घरात जातो. आमच्या काचपट्टीवरील शैवालासाठी, सेकंदाला १०० मायक्रोमीटर वेग धरला तर, तो एक हजारांश येतो. जिवाणूसाठी त्याहूनही कितीतरी कमी, एक लाखांशाच्या आसपास. या जगात जडत्व असून नसल्यासारखे. कशाभिका थांबल्या की शैवाल किती अंतर घसरेल? हिशेब केला तर अर्धा नॅनोमीटर निघतो, म्हणजे दोन-चार अणू ओळीने मांडावेत इतके. त्या मुलीला ते दिसले नाही यात तिच्या डोळ्यांचा दोष नव्हता.

हार्वर्डचे एडवर्ड पर्सेल हे या विषयाचे सर्वांत रसाळ निवेदक. अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदनासाठी १९५२ चे नोबेल मिळवलेला हा माणूस उतारवयात जिवाणूंच्या पोहण्यात रमला, त्याला हॉवर्ड बर्ग या स्नेह्याची संगत कारणीभूत होती. जिवाणू आपली मळसूत्री कशाभिका चाबकासारखी हलवत नाही, मुळाशी असलेल्या चक्राने गरगर फिरवतो, हे बर्ग आणि अँडरसन यांनी १९७३ मध्ये मांडले होते. पर्सेलचे व्याख्यान १९७७ मध्ये छापले गेले. जिवाणूने पोहणे थांबवले तर तो एका अँगस्ट्रॉमच्या दहाव्या भागाइतका पुढे जाईल, हा त्याचा हिशेब आता पाठ्यपुस्तकांत आहे. शिंपल्यासारखी एकाच सांध्याची उघडझाप करून या जगात पुढे जाता येत नाही, जितके पुढे तितकेच मागे, हेही त्यातच आहे. विद्यार्थ्यांनी तो मूळ लेख वाचावा. गणित नाममात्र आहे आणि विचार मात्र पुरून उरणारा.

पर्सेलच्या लेखात एक गोष्ट स्पष्ट होते: या जगात आत्ताची गती आत्ताच्या बलावर ठरते, मागे काय घडले याला महत्त्व नाही. द्रवयांत्रिकीत एका बलाला चक्क ‘इतिहास-बल’ असे नाव आहे. बुसिनेस्क आणि बॅसेट यांनी १८८० च्या दशकात दाखवले की वेग बदलणाऱ्या गोलावर त्याच्या मागल्या साऱ्या हालचालींचा ठसा उमटत राहतो. मोठ्या कणांसाठी हे बल महत्त्वाचे असते आणि त्याचे गणित अतिशय चिवट आहे. जिवाणूला मात्र ते जवळजवळ जाणवतच नाही. ज्यांच्यावर मी इतिहास लिहिते आहे, त्यांना स्वतःला भूतकाळ नाही.

पर्सेलच्या आधी पाव शतक हा प्रश्न गणिताच्या चौकटीत आणणारा माणूस म्हणजे केंब्रिजचे जी. आय. टेलर. १९५१ च्या त्यांच्या निबंधात एक अतिशय पातळ, अमर्याद पत्रा कल्पिला आहे. त्यावरून लाट जाते आणि पत्रा लाटेच्या उलट दिशेने सरकतो. जडत्वाचा अंशही न वापरता पोहता येते, हे त्यातून प्रथमच नीटपणे सिद्ध झाले. पुढे एका शैक्षणिक चित्रफितीत टेलरनी किल्लीवर चालणारे, मळसूत्री शेपटीचे खेळणे घट्ट पाकात सोडून हेच दाखवले. (जाता जाता: टेलर हे जॉर्ज बूल यांचे नातू, आणि त्यांची आजी मेरी ही भारताचे सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. ज्या सर्वेक्षणाने देशभर लंबक हलवले त्याच सर्वेक्षणाच्या घराण्याशी हे नाते जुळावे, हा निव्वळ योगायोग. पण मला तो आवडतो.)

टेलर आणि त्यांच्या पाठोपाठ १९५२ मध्ये लाइटहिल यांच्या गणितात एक अट पायाशी आहे: पोहणाऱ्या शरीरावर द्रवाचे एकूण बल शून्य. ती कुठून आली? भेडाघाटला नर्मदेच्या पात्रात एक नाव आहे असे समजा. काठावरच्या माणसाने दोर बांधून ती ओढली, तर पाण्याचा विरोध आणि दोराची ओढ यांचा तोल साधतो. इथे पाण्यावर नावेचे निव्वळ बल आहे, दोराइतके. आता दोर सोडा आणि नावाड्याला वल्ही हातात घेऊ द्या. वल्ही पाणी मागे रेटतात, नावेचे अंग पाणी पुढे ओढते, आणि वेग स्थिर असेल तर दोन्ही सारखे. पाण्याच्या वाट्याला आलेली बेरीज शून्य. स्टोक्सचा पडणारा थेंब म्हणजे दोराने ओढलेली नाव. पोहणारा जिवाणू म्हणजे वल्हवलेली. ही दोन चित्रे एकमेकांत मिसळली की माझ्यासारखे तीन महिने वाया जातात.

“बेरीज शून्य, तर मग परिणामही शून्य” असे मात्र नाही. दोराने ओढलेल्या कणाभोवतीचा प्रवाह अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. त्याची चाहूल फार लांबवर जाते. पोहणाऱ्याच्या बाबतीत हा दूरगामी भाग नाहीसा होतो, आणि उरतो तो दोन समान, विरुद्ध, पण एका बिंदूत नसलेल्या बलांच्या जोडीचा प्रवाह. तो अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. ही जोडी दोन प्रकारची असू शकते. जिवाणूची कशाभिका मागे असते. ती पाणी मागे रेटते आणि शरीर पाणी पुढे लोटते, म्हणजे दोन बले एकमेकांपासून दूर तोंड करून. अशा जिवाला ‘रेटक’ म्हणू. कुंडमच्या थेंबातल्या शैवालाच्या कशाभिका पुढे असतात. माणूस छातीवर पोहताना हात मारतो तशा त्या पाणी मागे, शरीराकडे ओढतात. इथे दोन बलांची तोंडे एकमेकांकडे. हा ‘ओढक’. रेटक आपल्या अक्षावर पुढे-मागे पाणी बाहेर ढकलतो आणि बाजूंनी आत घेतो. ओढकाचे नेमके उलट.

हे नुसते कागदावरचे चित्र नाही. गोल्डस्टाइन यांच्या केंब्रिजमधील गटाने २०१० आणि २०११ मध्ये सूक्ष्मजीवांभोवतीचे प्रवाह प्रत्यक्ष मोजले. ई. कोलाय जिवाणूच्या जोडीतले प्रत्येक बल सुमारे ०.४२ पिकोन्यूटन निघाले. व्हॉल्व्हॉक्स या पाण्याहून जड शैवालगोलाभोवती मात्र दूरगामी भागही सापडला, कारण त्याच्यावर गुरुत्वाचे निव्वळ बल असतेच. पोहून तो स्वतःचे वजन पेलत असतो. बाहेरून कोणी ओढत असेल तरच बेरीज शून्य नसते, याचा याहून सुबक पुरावा मला ठाऊक नाही.

बातम्यांतील सूक्ष्मयंत्रांनाही हीच कसोटी लावावी. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात सेन, मॅलूक आणि सहकाऱ्यांनी सोने व प्लॅटिनम यांच्या २ मायक्रोमीटर लांबीच्या सळ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सोडल्या आणि त्या आपणहून चालू लागल्या. त्या खऱ्या स्वयंचलित: इंधन भोवतालचे, बेरीज शून्य. अंबरीश घोष यांनी फिशर यांच्याबरोबर २००९ मध्ये मांडलेली, आणि पुढे भारतीय विज्ञान संस्थेत विकसित केलेली मळसूत्री चुंबकीय सूक्ष्मयंत्रे वेगळी आहेत. फिरते चुंबकीय क्षेत्र त्यांना बाहेरून पीळ देते. ओढ मात्र देत नाही. एकूण बल शून्य, एकूण पीळ शून्य नाही. उपयोगाच्या दृष्टीने ती अधिक आज्ञाधारक, पण ‘स्वतःहून पोहणारी’ म्हणणे काटेकोर नव्हे.

एक जीव समजला. पण असंख्य जीव एकत्र पोहत असतील तर? १९६९ मध्ये फिनलेसन आणि स्क्रिव्हन यांनी स्वतःच ताण निर्माण करणाऱ्या द्रवाची कल्पना मांडली होती. १९९० च्या सुमारास पेडली आणि केसलर यांनी पोहणाऱ्या शैवालांच्या निलंबनात बलजोड्यांचा ताण हिशेबात घेतला. तिकडे १९९५ मध्ये विचेक आणि सहकारी, तसेच टोनर आणि तू, यांनी पक्ष्यांच्या थव्याचे सांख्यिकी भौतिक उभे केले. पण त्यांच्या थव्याभोवती द्रव नव्हता. या दोन प्रवाहांचा संगम बंगळुरूत झाला. भारतीय विज्ञान संस्थेत श्रीराम रामस्वामी आणि त्यांची विद्यार्थिनी आर. अदिती सिंहा यांनी २००२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये विचारले: एकाच दिशेने तोंड करून पोहणाऱ्या सूक्ष्मजीवांची रांग द्रवात टिकेल का?

उत्तर होते: नाही. श्यानतेचेच राज्य असेल तर अशी विस्तीर्ण शिस्त टिकूच शकत नाही. रेटकांच्या रांगेला जरासा बाक आला की त्यांच्या बलजोड्यांनी निर्माण झालेला प्रवाह तो बाक आणखी वाढवतो. ओढकांच्या बाबतीत रांग पंख्यासारखी फाकते. चिन्ह कोणतेही असो, रांग मोडतेच. दाट जिवाणूंच्या द्रवात सतत उठणारी भोवऱ्यांची खळबळ पुढे अनेक प्रयोगशाळांनी टिपली. जडत्व नसताना खळबळ! रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये नळीत रंग सोडून जी खळबळ पाहिली ती जडत्वाची लेक होती. ही दुसऱ्याच घराण्यातली.

दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच नियतकालिकात चार नावांचा निबंध आला: यशोधन हातवळणे, श्रीराम रामस्वामी, मदन राव आणि आर. अदिती सिंहा. पहिले नाव मराठी वाचकाच्या कानाला लगेच ओळखीचे वाटेल. हातवळणे हे बंगळुरूच्याच रामन संशोधन संस्थेतील सैद्धांतिक भौतिकीविद. निबंधाचा विषय सक्रिय कणांच्या निलंबनाचे प्रवाहशास्त्र हा होता. साध्या शब्दांत, आइन्स्टाइनचाच १९०५ चा प्रश्न, फक्त कण जिवंत.

युक्तिवाद असा. दोन पट्ट्यांमध्ये द्रव ठेवून वरची पट्टी सरकवली की द्रव एका तिरप्या दिशेने ताणला जातो आणि तिला काटकोनातल्या दिशेने दबतो. लांबट जीव त्या प्रवाहात फिरतात, भरकटतात, पण सरासरीने ताणाच्या दिशेला थोडे अधिक कलतात. आता जीव रेटक असेल तर तो त्याच दिशेने पाणी बाहेर ढकलतो. म्हणजे पट्टी सरकवणाऱ्याला हातभार लावतो. श्यानता घटते. जीव ओढक असेल तर तो ताणाच्या विरुद्ध ओढतो आणि श्यानता वाढते. आइन्स्टाइनच्या सूत्रातील अधिक चिन्हाची सक्ती संपली. सूत्र खोटे ठरले नाही. त्यात ‘कण निष्क्रिय असतील तर’ ही कोणी न लिहिलेली अट दडली होती, ती उघड झाली. जीव सामूहिक शिस्तीच्या उंबरठ्यावर येत असतील तर हा परिणाम फार तीव्र होतो, हेही त्यात दाखवले होते.

ऊर्जा कुठून येते, असा प्रश्न साहजिक आहे. ती जिवाणूच्या अन्नातून येते. उष्मागतिकीचा कोणताही नियम इथे मोडत नाही. द्रवात कोट्यवधी लहान यंत्रे आतून काम करीत आहेत एवढेच.

भाकीत तपासले जायला पाच वर्षे लागली. २००९ मध्ये अमेरिकेतील अर्गोन प्रयोगशाळेत सोकोलोव्ह आणि अरॅन्सन यांनी बॅसिलस सबटिलिस या रेटक जिवाणूच्या पातळ पडद्यात श्यानता मोजली. ती सात पटींपर्यंत घटलेली आढळली. २०१० मध्ये ग्रेनोबल येथे राफाई आणि सहकाऱ्यांनी क्लॅमिडोमोनास घेतला, म्हणजे कुंडमच्या थेंबातल्या जिवाच्या गोत्रातलाच; जिवंत पेशींचे निलंबन मेलेल्या पेशींच्या निलंबनाहून अधिक श्यान निघाले. (या शैवालाची पेशी जवळजवळ गोल असते, त्यामुळे ती ताणाच्या दिशेला कशी कलते यावर अजून वाद आहे. चिन्ह जुळले म्हणून कारणही तेच, असे मानण्याची घाई करू नये.) आणि २०१५ मध्ये पॅरिसमध्ये लोपेझ, क्लेमाँ आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायच्या निलंबनात संथ प्रवाहाला श्यानता शून्यापर्यंत उतरलेली पाहिली. निबंधाच्या शीर्षकात ‘अतिद्रव’ हा शब्द होता. वृत्तपत्रांना तो फार आवडला. मला तो थोडा भडक वाटतो, कारण हेलियमच्या अतिद्रवतेशी याचे काही नाते नाही. तिथे घर्षणच नसते, इथे घर्षण भरपूर आहे आणि त्याचे बिल जिवाणू भरतात.

एक सल मात्र आहे. भाकीत बंगळुरूचे, आणि तीन मुख्य पडताळे परदेशचे. विचार करायला आपल्याकडे कागद-पेन्सिल पुरेशी होती. पिकोन्यूटनच्या हिशेबातला प्रयोग उभारायला जे यंत्रसाहाय्य, जीवशास्त्रज्ञांची शेजारसोबत आणि निवांत वर्षे लागतात ती त्या वेळी जुळून आली नाहीत. पुढे चित्र पालटले. २०१६ मध्ये अजय सूद, राजेश गणपती आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूतच जिवाणूंच्या द्रवात लेसरने धरलेल्या एका कणापासून सूक्ष्म उष्मायंत्र चालवून दाखवले, आणि ते जगभर नावाजले गेले. दरम्यान रामस्वामी, राव आणि सिंहा हे तिघे २०१३ च्या त्या विस्तृत समीक्षालेखाचे सहलेखक होते, जो आज सक्रिय द्रव्याचा अभ्यास सुरू करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा दिला जातो.

कुंडमहून निघताना त्या मुलीने आणखी एक प्रश्न विचारला. इतके जीव पोहत आहेत, तर डबक्याचे पाणी जाड झाले असेल का? मी तिथेच वहीच्या मागल्या पानावर हिशेब मांडला. एका मिलिलिटरमध्ये एक लाख पेशी आहेत असे उदारपणे धरले, तरी त्यांनी व्यापलेली जागा एकूण पाण्याच्या वीस हजारांशाएवढी. आइन्स्टाइनचा अडीचचा गुणक लावला, पोहण्यासाठी त्याची दुप्पट केली, तरी श्यानतेत फरक पडेल चार हजार भागांत एक. पाणी एका अंशाने तापले तर याच्या ऐंशी पट फरक पडतो. तिने ते पान मागून घेतले आणि विचारले, की मग मोजण्याजोगा फरक दिसायला किती शैवाल वाढवावे लागेल. ग्रेनोबलच्या प्रयोगात पेशी दाट करून घेतल्या होत्या, हे मी सांगितले. पुढच्या खेपेला येताना काचेची बरणी आणि स्टॉपवॉच आणण्याचे ठरले आहे. लहान गोळी पाण्यात किती वेळात तळाशी जाते, एवढे तर आम्ही मोजूच.